चाकू खिशात की पिशवीत?

वकील काकू,

मी २६ वर्षांचा आहे, कोल्हापूरजवळ कळंब्यात राहतो. घरोघरी इंटरनेटची फायबर केबल जोडायचं काम करतो. दोन वर्षं झाली, जीन्सच्या खिशाला क्लिपनं अडकवलेला एक फोल्डिंग चाकू कायम माझ्याजवळ असतो. पातं साडेतीन इंचाचं. केबलचं कव्हर सोलायला, खोकी फोडायला, टाय कापायला दिवसातून वीस वेळा लागतो. परवा रात्री साडेदहाला काम उरकून येताना नाकाबंदीत अडवलं. "हे कशाला?" विचारलं. मी म्हणालो, "कामाला लागतो, आणि रात्रीचं जरा सेफ्टीला पण." झालं, तासभर उभं केलं. सुपरवायझरला फोन लावून दिला तेव्हा सोडलं. चाकूही परत दिला. आता एक मित्र म्हणतो तीन इंचापर्यंत चालतो, दुसरा म्हणतो सहा, मोबाइलवर एक जण नऊ सांगतो. आई म्हणते, पंचगंगेत टाकून ये. त्यात धाकट्या भावानं (वय १७) तो चाकू धरून फोटो काढून स्टेटसला ठेवलाय. ठेवू का टाकू?

— एक केबलवाला, कळंबा

*

काकू म्हणालास, म्हणून अरे-तुरेच करते.

ठेव. पण खिशात नको, पिशवीत ठेव. आणि 'सेफ्टी' हा शब्द त्या चाकूजवळ पुन्हा आणू नकोस. त्या रात्री तुला तासभर उभं राहावं लागलं ते साडेतीन इंचांपायी नव्हे, या एका शब्दापायी. "कामाला लागतो" एवढं बोलून थांबला असतास, तर बहुतेक दहा मिनिटांत घरी पोचला असतास.

सगळ्यांना वाटतं, 'स्वतःच्या बचावासाठी' म्हटलं की सुटलो. मारायला नाही ना ठेवला, वाचायला ठेवलाय, मग काय बिघडलं? आमच्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या पोराची ही समजूत असते आणि ती मुळातच उलटी आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ उघडून बघ. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी हत्यार म्हणून घडवलेली, किंवा मागाहून तशी करून घेतलेली वस्तू म्हणजे 'शस्त्र', अशी त्यातली व्याख्या आहे. बचाव हा शब्द त्या व्याख्येच्या आतच बसलाय. म्हणजे जो शब्द तू ढाल म्हणून पुढे केलास, त्यानंच तुझं अवजार हत्याराच्या रांगेत नेऊन उभं केलं. केवळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी घडवलेल्या वस्तू मात्र त्याच व्याख्येतून वगळल्यात. म्हणून तर आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या हंगामात हजारो कोयते रस्त्यानं ये-जा करतात आणि कुणाला काही वाटत नाही. तोच कोयता रात्री अकराला शर्टाच्या आत पाठीला लावून कुणी मोटारसायकलवर बसला, तर त्यानं ऊस कुठला तोडायचाय, हा प्रश्न होणारच.

खंडेनवमी आठव. तलवार, दांडपट्टा पुजतात आणि उद्यमनगरात लेथ मशीन, पाने, हातोडेही पुजतात. माझ्या माहेरी एका पाटावर आजोबांची काठीतली गुप्ती असायची, शेजारी आजीची विळी आणि वडिलांचा ऊस सोलायचा चाकू. हळदकुंकू तिन्हींना सारखंच. पण दुसऱ्या दिवसापासून तिघांच्या वाटा वेगळ्या. गुप्ती कुलपात जायची, विळी चुलीशेजारी, चाकू रानात. (ती गुप्ती पुढे वडिलांनी पोलिसांत जमा केली. गुप्तीचं नाव नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे, त्यात 'मी आपली भाजी चिरतो' म्हणायला जागाच नाही.) मला सांगायचंय ते एवढंच की चाकूची ओळख त्याच्या पात्यापेक्षा तो कुणाबरोबर, कुठं आणि कधी निघालाय यावरून ठरते. तुझा चाकू तुझ्या कामाबरोबर फिरला पाहिजे, तुझ्या अंगाबरोबर नाही.

आता तुझे ते इंच.

तीन इंचाची गोष्ट दिल्लीची आहे. तिथं १९८० साली एक अधिसूचना निघाली. बटण दाबून किंवा तशाच यांत्रिक युक्तीनं उघडणारे-मिटणारे चाकू, ज्यांचं पातं ७.६२ सेंटीमीटर किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंटीमीटर किंवा त्याहून रुंद आहे, ते तिनं निर्बंधाखाली आणले. ७.६२ म्हणजे बरोबर तीन इंच. कुणीतरी दिल्लीत बसून व्हिडिओ केला आणि तो कळंब्यात येऊन कायदा झाला. नऊ इंचाची गोष्ट शस्त्र नियम, २०१६ मधली. परवान्याच्या अनुसूचीत तलवारी, खंजीर, भाले यांच्याबरोबर नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाचे सोडून. याचा अर्थ 'साडेआठ इंचाचा सुरा घेऊन महाद्वार रोडला खुशाल फिरा' असा कुणी काढत असेल, तर त्यानं वकिलाची फी आधीच बाजूला काढून ठेवावी. सहा इंच कुठून आलं, ते तुझ्या मित्रालाच विचार. मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

शस्त्र अधिनियमाच्या कलम ४ आणि २५ खाली गुन्हा दाखल झाला की शिक्षा एक ते तीन वर्षं आणि दंड. ज्या भागासाठी कलम ४ ची अधिसूचना आहे तिथंच हे लागू पडतं, आणि ती अधिसूचना सरकार पक्षानं कोर्टात दाखवावी लागते. न दाखवल्यामुळं आरोपी सुटलेले मी पाहिलेत. पण सुटायला किती वर्षं तारखा कराव्या लागल्या, तेही पाहिलंय. तेवढ्यात एकाची आखातातली नोकरी गेली, पासपोर्टची पोलीस पडताळणी अडकली. निर्दोष सुटल्याचा कागद त्यानं फ्रेम करून लावलाय. मला दर वेळी दाखवतो, आणि काय बोलावं सुचत नाही.

तुझ्यासारख्याला खरी भीती आहे ती दुसऱ्याच कायद्याची, आणि त्याबद्दल व्हिडिओवाले अवाक्षर काढत नाहीत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलम ३७(१). आपल्याकडे बोलीत 'मपोका'. पेपरात आतल्या पानावर एक चार ओळींची बातमी येते बघ, 'जिल्ह्यात अमुक तारखेपर्यंत बंदी आदेश'. आपण ती वगळून पुढं फुटबॉलच्या बातमीवर जातो. ती वाचत जा. जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या या आदेशानं तेवढ्या दिवसांपुरतं तलवार, भाला, सुरा, काठी, लाठी, आणि शारीरिक इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू सार्वजनिक ठिकाणी बाळगायला मनाई होते. बहुतेक वेळा पंधरा-पंधरा दिवसांचे आदेश निघतात. गणपती, शिवजयंती, निवडणूक, एखादं आंदोलन, कुठं काही तणाव, निमित्त काहीही असू शकतं. तिथं इंच नाहीत, बटण आहे की नाही हे नाही. आदेश मोडला तर कलम १३५ नुसार एक वर्षापर्यंत कैद आणि दंड, आणि न्यायाधीशांनी वेगळं कारण लिहून ठेवलं नाही तर कैद चार महिन्यांहून कमी नाही. चार महिने, आणि तेही खोकी फोडायच्या चाकूपायी! म्हणून बंदी आदेश असेल त्या दिवसांत तो चाकू घरीच राहू दे. केबल सोलायला स्ट्रिपर आहे, टाय कापायला पक्कड आहे. तुझी कंपनी शहाणी असेल तर तिनंच हे दोन्ही दिले असतील आणि ते तुझ्या पिशवीच्या तळाशी गंजत पडले असतील.

त्याच कायद्यात कलम १२२ आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात गुन्ह्याच्या इराद्यानं धोकादायक हत्यार घेऊन सापडणं हाच गुन्हा. इरादा सिद्ध करायची जबाबदारी त्यांची, हे खरं. पण रात्री साडेदहाला रस्त्यावर उभं राहून इराद्यावर वाद घालण्यापेक्षा तो प्रश्नच उठू न देणं स्वस्त पडतं.

रविवारी मित्रांबरोबर दाजीपूरला जातोस का? पत्रात लिहिलं नाहीस, पण कळंब्याची पोरं आणि पावसाळा म्हटल्यावर विचारते. राधानगरी अभयारण्याच्या फाटकातून आत जाताना तो चाकू गाडीत विसरला असेल तरी आठवण ठेवून बाहेर काढ. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधल्या 'हत्यारा'च्या व्याख्येत बंदूक, धनुष्यबाण, फास, सापळे यांच्या ओळीत 'चाकू' हा शब्द सरळ लिहिलेला आहे, आणि लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन अभयारण्यात शिरायला कलम ३१ नं मनाई आहे. गव्यांच्या रानात काकडी चिरायला म्हणून नेलेला चाकू वनरक्षकाला तसाच दिसणार. काकडी घरून चिरून ने. उजळाईवाडीच्या विमानतळावर तर सांगायला नकोच. हातातल्या बॅगेत चाकू चालत नाही, सामानात टाकायच्या बॅगेत गुंडाळून ठेवायचा. कोर्टात, कलेक्टर कचेरीत, अंबाबाईच्या देवळात जातानाही आधी खिसे चाचपून बघ.

मग ठेवायचा कसा? आमच्या आजीला यातलं एकही कलम ठाऊक नव्हतं, पण तिचे नियम आमच्या कुठल्याही अधिनियमाहून कडक होते. विळीवर काम झालं की पातं मिटायचं, मिटणारं नसेल तर विळी आडवी करून भिंतीकडं तोंड करून ठेवायची. विळी उभी टाकून कुणी पाणी प्यायला जरी उठलं, तरी ती ओरडायची. सुरी कुणाच्या हातात द्यायची नाही, खाली ठेवायची, समोरच्यानं उचलून घ्यायची. हातात दिली की भांडण होतं म्हणे. भांडणाचं मला माहीत नाही, पण देता-घेता कुणाचं बोट कापलेलं आमच्या घरात आठवत नाही. तोच रिवाज कामावर ठेव. शिडीवरून खालच्या पोरानं "चाकू टाक रे" म्हटलं तर टाकू नकोस. मिटून, पिशवीत घालून, दोरीनं सोड.

खिशावरची ती क्लिप काढूनच टाक. क्लिप असते म्हणजे चाकू बाहेरून दिसतो, झटकन निघतो आणि बघणाऱ्याला तुझं काम आधी दिसत नाही, तयारी दिसते. शिवाय गर्दीत, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत तो तसाच अंगावर राहतो, कारण सवयीमुळं तो आहे हेच विसरायला होतं. मी एका पोराला साखरपुड्यात पाहिलंय, मेहुण्यानं मिठी मारली आणि चाकू खाली पडला. साखरपुडा झाला, पण मुलीकडची मंडळी जेवेपर्यंत त्या चाकूकडंच बघत होती.

तर चाकू अवजारांच्या पिशवीत, स्ट्रिपर, क्लीव्हर, टेस्टर यांच्या शेजारी. पिशवी बंद, गाडीच्या सीटखाली किंवा डिकीत. कव्हर नसेल तर चप्पल लाईनला जाऊन सांग. ज्यांच्या हातात दिवसभर रापी आणि आरी असते, त्यांना चाकूचं कव्हर शिवणं म्हणजे चहाला गेल्यासारखं काम. जाड चामडं, टोकाशी दुहेरी टाका आणि वरून बंद होणारा पट्टा मागून घे, म्हणजे टोक फाडून बाहेर येणार नाही. पावसाळ्यात मात्र चाकू कव्हरात ओला ठेवू नकोस. चामडं ओल धरतं आणि आठवड्याभरात पात्यावर तांबडे ठिपके येतात. पुसून, तेलाचं बोट फिरवून मगच आत. फोल्डिंग चाकूत आणखी एक बघायचं असतं, त्याचं लॉक. पातं उघडून पाठीकडून अंगठ्यानं दाब. हललं, किरकिरलं, खाली आलं, तर तो चाकू कामाचा नाही. ऐन जोरात असताना तो बोटांवरच मिटणार. आणि बोथट ठेवू नकोस. बोथट चाकूला जोर जास्त लागतो, जोर लागला की तो घसरतो, आणि घसरला की दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर. सीपीआर हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत टाके घालून घेणारे बरेच जण बोथट चाकूचे बळी असतात, असं तिथल्याच एका सिस्टरनं मला सांगितलं होतं. लागलंच तर स्वच्छ कापडानं घट्ट दाबून हात वर धर आणि धनुर्वाताचं इंजेक्शन टाळू नकोस.

नवा घ्यायचा झालाच तर यात्रेतल्या पालावरचा, ऑनलाइनचा, खटक्याचा, दुधारी, पेनाच्या आत लपवलेला, असला काही घेऊ नकोस. बिल मिळालं, घरपोच आला, म्हणजे कायदेशीर झाला असं नसतं. तुझ्या कामाला खरं तर पातं तोडत जायचा साधा पिवळा-काळा कटर पुरतो. तो दिसायला इतका गरीब असतो की नाकाबंदीतला हवालदार त्याकडं बघतही नाही. मला विचारशील तर मी तोच घेईन. पण दोन वर्षं हाताला बसलेला चाकू सोडवत नाही, हेही कळतं.

पिशवीत एक कागद असू दे. कंपनीचं ओळखपत्र आणि त्या दिवसाची कामाची यादी, म्हणजे कुठल्या गल्लीत, किती वाजता, कुणाकडं जोडणी केली ते. फोनवर असली तरी चालेल, पण बॅटरी रात्री साडेदहालाच संपते. अडवलं तर गाडी बंद कर, हात दिसतील असे ठेव, आणि पिशवीत चाकू आहे हे आधी तोंडानं सांग. काढून दाखवू नकोस! 'हा बघा साहेब' म्हणून पातं उघडणारी पोरं असतात, आणि समोरचा माणूस दोन पावलं मागं का गेला, हे त्यांना कळत नाही. "काय काम करतोस?" याला एका वाक्यात उत्तर. वाद नको, व्हिडिओतली कलमं म्हणून दाखवणं तर नकोच. जप्त करायचं म्हणाले तर दे. पंचनाम्यात पात्याची लांबी, चाकू कुठून काढला, म्हणजे पिशवीतून की खिशातून, हे काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय सही करू नकोस. पुढं सगळं त्या एका ओळीवर उभं राहतं. आणि मग वकिलाला फोन कर, मित्राला नको.

राहिला तुझ्या 'सेफ्टी'चा प्रश्न. त्यातली भीती खोटी नाही. रिंग रोडला रात्री कुत्री मागं लागतात, एकटदुकट गाडी बघून कुणी अडवतंही. कुत्र्यांसाठी वेग कमी कर, पाय वर घेऊन लाथा झाडू नकोस. पळणाऱ्याच्या मागं ती पळतात. माणसांनी अडवलं तर मोबाइल आणि पैसे देऊन टाक, ११२ नंतर लाव. तू चाकू काढलास तर समोरच्यांच्या हातात एडक्यासारखं मोठं धारदार हत्यार निघेल, आणि तुला केबल सोलायची सवय आहे, त्यांना दुसरी. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेनं (कलम ३४ ते ४४) दिलेला आहे, पण बचावाला जेवढं लागेल तेवढंच करायचं, त्याच्या पुढं नाही, हे त्याच कलमांत आहे. अंधारात, घाबरलेल्या हातानं, साडेतीन इंचांच्या पात्यानं ती रेघ कुणाला पाळता येते? रात्रीच्या शेवटच्या जोडण्या दोघांनी करा, असं सुपरवायझरला सांग. तुझ्यासाठी पोलिसांना फोनवर उत्तर देणारा माणूस एवढं नक्की ऐकेल.

आईला सांग, पंचगंगेत काही टाकायचं नाही. घाटावर अनवाणी उतरणाऱ्या बायका असतात, पोरं डुबक्या मारतात.

आणि त्या स्टेटसचं आज रात्री जेवायला बसायच्या आधी बघ. वाढदिवसाला तलवारीनं केक कापला, कोयता घेऊन रील केलं, म्हणून गुन्हे दाखल झालेली पोरं मी कोर्टाच्या व्हरांड्यात पाहिलीत, आणि पुरावा त्यांनी स्वतःच काढून, गाणं लावून, वर ठेवलेला असतो. तुझा चाकू तुझ्या पिशवीत अवजार आहे. तोच सतरा वर्षांच्या पोराच्या मुठीत, कॅमेऱ्याकडं रोखून, खाली 'नाद करायचा नाय' असं लिहिलेलं असलं, तर मी तुझी वकील असूनही त्याला अवजार म्हणताना माझी जीभ अडखळेल. त्याला मारू नकोस, ओरडूही नकोस. तो फोटो स्टेटसवरून उतरवायला लाव, आणि त्याला हत्यारांची हौसच असेल तर पेठेतल्या एखाद्या तालमीत मर्दानी खेळाच्या वस्तादाकडं घेऊन जा. चांगला वस्ताद सहा महिने हातात काठीच देतो.